मोटारीच्या पोटातली मोहाची

पाहुणे घरी असेपर्यंत मी तोंड उघडायचं नाही, असं आईने माझ्याकडून देवासमोर कबूल करून घेतलं होतं. नमस्कार करायचा, बसायला द्यायचं, पानसुपारीचं तबक पुढे धरायचं आणि बाजूला उभं राहायचं. कुणी काही विचारलंच तर हो किंवा नाही. "आणि नाही म्हणावंसं वाटलं तरी हो म्हण, दादा," धाकट्या बहिणीने चुलीपाशी बसूनच त्यात भर घातली.

त्यांचं काही चुकत नव्हतं. बहिणीला पाहायला आलेली आधीची दोन्ही स्थळं माझ्यामुळे परत गेली होती. नेरळकडचे पाहुणे पोहे खाऊन खूश झाले आणि मुलीच्या हाताला चव आहे म्हणाले. मला राहवेना. मी सांगून टाकलं की पोहे आईने केले आहेत. बहीण चुलीशी गेली की तिच्या हातात काहीतरी वाचायला असतं, आणि दूध उतू गेलेलं तिला वास आल्यावर कळतं. दुसऱ्या पाहुण्यांना आईने मुलीचं वय सांगितलं तेव्हा मी नुसता खोकलो. पण माझा खोकलासुद्धा खरं बोलतो, असं बहिणीचं म्हणणं. दोघेही 'कळवतो' म्हणून गेले आणि कळवायचं विसरले.

काही न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे मला कळतं. पटत मात्र नाही. आता केस पांढरे झाले तरी पटलेलं नाही. लहानपणी शेजारच्या परड्यातली कैरी दुसऱ्याच एका पोराने चोरली, तर शेजाऱ्यापुढे रडत मी गेलो होतो, कारण मी त्याला ती पाडताना पाहिलं होतं. बहीण म्हणते, दादा देवाला नमस्कार करतो तोही माफी मागितल्यासारखा.

या वेळी मात्र गोष्ट निराळी होती. स्थळ खालापूरचं होतं. मुलगा शाळेत मास्तर. तो एकदा कशेळ्याला जायला आमच्या मोटारीत बसला होता, आणि त्याच मोटारीत आई आणि बहीण होत्या. मोटार वाटेत बंद पडली. उतारू माझ्या नावाने ओरडू लागले. हा गडी शेताच्या बांधावर जाऊन बसला आणि पिशवीतून पुस्तक काढून वाचू लागला. घरी आल्यावर बहीण मला म्हणाली, "दादा, तुझी मोटार बंद पडली की सगळे तुला बोलतात. आज एकजण बोलत नव्हता." एवढंच. एरवी तिची बडबड थांबत नाही. आईने त्या एका वाक्यावरून चौकशी सुरू केली आणि स्थळ जुळत आणलं. हे मोडलं तर बहीण मला काही बोलणार नाही, पण मग ती कुणालाच फारसं काही बोलणार नाही, अशी भीती मला वाटत होती.

आता मोटारीचं सांगतो. वडिलांच्या मागे कडावची भाताची गिरणी माझ्याकडे आली. मोटार मी आणली. कर्जत स्टेशनापासून कडाव आणि पुढे कशेळे, अशी आमची सर्व्हिस होती. मोटार जुनी, तिचं वरचं खोकं पत्र्याचं, म्हणून लोक तिला डबा म्हणत. ती चालवायला होता आमचा गिरणीवरचा जुना इंजिनवाला. मोटारीवर आल्यापासून तो स्वतःला ड्रायव्हर म्हणवून घेई. गिरणीचं इंजिन चालवतानाही तो कधी नुसतं इंजिन चालवत नसे, काहीतरी करून पाहत असे. एका वर्षी इंजिनाचं तेल संपलं आणि दारात भाताच्या गाड्या उभ्या राहिल्या. तेव्हा त्याने उरलेल्या तेलात देवळातल्या दिव्यासाठी काढून ठेवलेलं करंजाचं तेल मिसळलं. इंजिन दिवसभर चाललं, अगदी झोकात. फक्त त्या दिवशी भरडलेल्या तांदळाला करंजाचा कडू वास आला. मी घरोघर जाऊन माफी मागितली. निम्म्या घरांना वास कळलाच नव्हता. मी सांगितल्यावर त्यांनाही तो येऊ लागला.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आमच्याकडचं पेट्रोल संपत आलं. तेही माझ्यामुळेच. मुंबई-पुणे रस्त्यावरून चौक गावाकडून आत वळलेला एक गृहस्थ बायकामुलांसह कर्जतला येऊन अडकला होता. पोरं उन्हाने लाल झाली होती. मी आमचा पेट्रोलाचा भरलेला डबा त्याला देऊन टाकला. पुढचा डबा मालगाडीने मुंबईहून येणार होता, पण पाहुणे येऊन गेल्यानंतर. आमच्याकडे उरलं ते स्टेशनापर्यंत जाण्यापुरतं आणि परतीच्या अर्ध्या वाटेपुरतं.

"बैलगाडी जोडू," मी ड्रायव्हरला म्हणालो.

"जोडा की. खालापुरासनं मानूस मोटारवाल्याची बहीन बघाया येनार, आनि मोटारवाला बैलाचं शेपूट पिळत उभा. लई शोभंल."

"मग रॉकेल मिसळ."

"मागं मिसळलं व्हतं. चढावर खोकून खोकून जीव गेला तिचा. धूर पाव्हन्यांच्या डोळ्यांत." तो जवळ आला. "भाऊ, माजा मावसभाऊ वर घाटावर साखरेच्या कारखान्यात हाय. तिथं उसाच्या मळीचा अर्क काढत्यात, आनि पेट्रोलात घालून सायबाची मोटार चालवत्यात. त्यानं सोता बघितलंय. धूर नाय, काय नाय."

"आपल्याकडे मळी कुठे आहे?"

"मळी नाय. मोह हाय."

मला त्याचं म्हणणं कळलं. फाल्गुन संपत आला होता. डोंगराच्या पायथ्याला मोहाच्या झाडांखाली फुलांचा सडा पडत होता, आणि वाडीवर त्या फुलांचं काय होतं हे आबकारीच्या लोकांपासून सगळ्यांना ठाऊक होतं. पण मी दारूबंदीच्या मंडळात होतो. नुसता होतो असं नाही, लोकांना शपथा देण्याचं काम माझ्याकडे होतं. ड्रायव्हरलाही मीच शपथ घातली होती: मी दारू पिणार नाही, कुणाला पाजणार नाही, पिणाऱ्याच्या पंगतीला बसणार नाही.

"तू काय बोलतोस कळतंय का तुला? पाजणार नाही, असं आहे शपथेत."

"मानसाला. मोटारीचं नाव नाय त्यात."

"आणि पिणाऱ्याच्या पंगतीला बसणार नाही, त्याचं काय?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "पंगतीला नाय बसायचं. पाठीवर बसायचं हाय आपल्याला."

भरीत भर म्हणजे मुलाचे वडील. खोपोलीच्या दारूच्या गुत्त्यापुढे ते रोज संध्याकाळी हात जोडून उभे राहत. तोंडाने काही बोलत नसत, येणाऱ्याकडे नुसतं बघत. गिऱ्हाइकं त्यांच्या नजरेला इतकी भ्याली की मागच्या गल्लीतून जाऊ लागली, तर हे मागच्या गल्लीत जाऊन उभे राहिले. असा माणूस माझ्या मोटारीत पुढच्या जागेवर बसणार होता.

तरीही मी वाडीवर गेलो. का गेलो याचं उत्तर आजही मला नीट देता येत नाही. बहिणीने सकाळी जात्यावर दळताना गाणं म्हटलं होतं, हेच असावं. ड्रायव्हरला म्हणालो, तू जा. तो म्हणाला, "मी गेलो तर मोटारीच्या आधी माजीच शपथ मोडंल. तुमीच जावा. फकस्त पहिल्या धारंची मागा. काडी लावली की पेटली पायजे."

वाडीवर एका म्हातारीशी आमचा जुना परिचय होता. पावसाळ्यात ती आमच्या शेतावर लावणीला येई, आणि लग्नकार्यात जेवणासाठी पळसाच्या पत्रावळी तिच्याकडूनच येत. महिन्याभरापूर्वीच मी त्या वाडीवर जाऊन दारूवर तासभर बोललो होतो. तिने सगळं ऐकून घेतलं होतं आणि शेवटी मला ताक दिलं होतं.

मला पाहून ती म्हणाली, "आज बी दारू सोड म्हून सांगाया आला का रं, दादा?"

"नाही, बाय. आज..." मी आवाज खाली आणला. "थोडी पाहिजे होती."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. हसली नाही, हे तिचे उपकार. "तुला?"

"नाही, नाही. उद्या बहिणीला बघायला पाहुणे येणार आहेत."

हे खरं होतं. मोटारीसाठी हवी आहे, हेही सांगायला हवं होतं. पण मंडळाचा माणूस मोटारीत दारू घालतो, हे ती वाडीभर सांगेल, आणि वाडीवरून ते बाजारात येईल, असं मनात आलं.

"म्हातारं मानूस हाय का त्यांच्यात?" तिने विचारलं.

"मुलाचे वडील आहेत."

"बरं, बरं," ती म्हणाली, आणि आत जाऊन बराच वेळ काहीतरी करत राहिली. बाहेर आली ती मोठा शिसा घेऊन. तोंडाला पानाचा बोळा घट्ट बसवलेला. मी पुढे केलेले पैसे तिने घेतले नाहीत. "पोरीच्या सोयरिकीचं हाय. राहू दे," म्हणाली. पहिल्या धारेची आहे का, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मंडळाचा माणूस धारा मोजतो, हे बरं दिसलं नसतं.

सकाळी अंगणात ड्रायव्हरने आमचं उरलेलं पेट्रोल डब्यात काढलं, स्टेशनापर्यंतचं मोटारीत ठेवलं, आणि डब्यात तो शिसा रिकामा केला. काडी लावून पाहतो म्हणाला. पेट्रोलाच्या डब्याजवळ काडी, म्हणून मी त्याला ओरडलो. मग जिभेवर थेंब घेऊन पाहतो म्हणाला. मी त्याला शपथेची आठवण दिली. तेव्हा पाहण्याचा काही मार्गच उरला नाही. त्याने डबा ताक घुसळावं तसा हलवला. आतलं गढूळ दिसत होतं. "मिसळतंय," तो म्हणाला.

आई दारात येऊन म्हणाली, "कसला रे हा वास?" मी तोंड उघडलं. बहीण आतून म्हणाली, "आई, त्याला विचारू नकोस. त्याला आज बोलायचं नाहीये."

खोपोलीची गाडी वेळेवर आली. मुलाचे वडील उतरले ते खादीच्या धुवट कपड्यांत, ताठ. मागून त्यांची थोरली विधवा बहीण, म्हणजे मुलाची आत्या, हातात फिरकीचा तांब्या घेऊन. मुलगा शेवटी. त्याच्या पिशवीत पुस्तक दिसत होतं. मी नमस्कार केला. ड्रायव्हरने डबा पुन्हा घुसळला आणि टाकीत ओतला. वडील पुढे बसले, आत्या आणि मुलगा मागे. मी त्यांच्या समोरच्या फळीवर, तोंड मिटून.

मोटार निघाली ती छान. नदी मागे टाकली, शेतं लागली. पण टाकीचं झाकण पहिल्यापासून सैल होतं. गचके बसू लागले तसा वास पसरू लागला. मोह माहीत असलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. रस्त्याकडेला एक गाडीवान बैल सोडून सावलीत बसला होता. त्याने मान वर करून हवा हुंगली आणि हाक दिली, "ड्रायव्हर, आज सकाळीच का रं?"

ड्रायव्हरने पाहिलं नाही. वडिलांनी मात्र मान वळवून ड्रायव्हरकडे पाहिलं, खोपोलीत पाहत तसं. पुढे गवत कापणाऱ्या बायका होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "कुनाचं लगीन गं?" वडिलांची नजर ड्रायव्हरवरून हलेना. त्या नजरेखाली त्याच्या हातातलं चाक डगमगू लागलं, आणि मोटार रस्त्यावर थोडी नागमोडी चालू लागली. त्यामुळे तर काही शंकाच उरली नाही.

पुढे छोटा चढ लागला. मोटार खोकली, हसल्यासारखी थरथरली, आणि उभी राहिली.

वडील खाली उतरले. आवाज न चढवता ते ड्रायव्हरला म्हणाले, "तू घेतली आहेस."

"नाय, बाबा."

"वास येतोय."

"वास हाय. पन माजा नाय."

"मी पिणाऱ्याच्या गाडीत बसत नाही." ते मुलाकडे वळले. "चल. स्टेशन फार लांब नाही. चालत जाऊ. ज्या घरी असली माणसं कामाला ठेवतात तिथलं पाणीसुद्धा नको."

मुलगा बापाकडे पाहत राहिला, मग कडावच्या दिशेने. त्याने पिशवी खांद्याला लावली, पण पाय उचलला नाही. ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होता. त्याला माहीत होतं की आईने मला गप्प राहायला सांगितलंय, आणि बहिणीचं काय आहे हेही माहीत होतं. तो आळ अंगावर घ्यायला तयार झाला होता. ते मला सहन झालं नाही.

"त्याने घेतलेली नाही," मी म्हणालो. "मोटारीने घेतली आहे. मी पाजली."

एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. पेट्रोल मी दुसऱ्याला दिलं, वाडीवर मी गेलो, मंडळाचा असून गेलो, हे सांगितलं. तिथपर्यंत थांबलो असतो तर काही तरी बचावलं असतं. पण मग मला करंजाच्या वासाचा तांदूळ आठवला. घरी मांडलेल्या खुर्च्या शाळेतून मागून आणल्या आहेत, हे आठवलं. मुलीचं खरं वय, उतू जाणारं दूध, आणि आज पोहे करायला शेजारच्या काकूंना बोलावलं आहे, हेही. वडील ऐकत उभे होते. मुलगा पायाखालच्या धुळीकडे पाहत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"आणखी काही?" वडिलांनी विचारलं.

मी विचार केला. "लहानपणी मी एकाला कैरी पाडताना पाहिलं होतं..."

तेव्हा आत्या रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुरे कर रे, बाबा," त्या मला म्हणाल्या. "कैरीचं लग्नात सांग."

इकडे ड्रायव्हर मोटारीखाली शिरला होता. "भाऊ, भांडं द्या कायतरी." आत्यांनी आपला तांब्या पुढे केला. टाकीच्या तळाचं बूच त्याने सैल केलं, तर आतून पेट्रोल नव्हे, पाण्यासारखं काहीतरी येऊ लागलं. तांब्या भरला तरी येतच राहिलं. ड्रायव्हर बाहेर निघाला. "खाली ही, वर पेट्रोल. पान्यावर तेल राहावं तसं. मिसळलंच नाय. भाऊ, हिच्यात पानी हाय. लई पानी." मग त्याला काहीतरी सुचलं. "म्हातारीला काय सांगितलंत तुमी? कुनासाठी म्हनून?"

"पाहुण्यांसाठी."

त्याने कपाळाला हात लावला. "मंग झालं. सोयरीक बोलाया आलेल्याला वाडीवर कडक देत नायत. मानूस बोलनं इसरतो. झऱ्याचं पानी घालून गोड करून देत्यात. त्यात म्हातारं मानूस म्हनलं आसंल तुमी."

मी मान खाली घातली. आत्यांनी तांब्या उचलून नाकाशी नेला. "मोहाचीच," त्या म्हणाल्या. "हलकी आहे. आमचे हे होते, त्यांची अशी नसायची." त्यांनी भावाकडे पाहिलं. "तू रे गुत्त्यापुढे इतकी वर्षं उभा राहतोस. पिऊन येऊन कुणी तुला सांगितलं का कधी, की मी प्यायलो म्हणून?"

"नाही."

"आणि हा न पिताच सांगतोय. मोटारीचंसुद्धा सांगतोय. या घरात उद्या काही झाकलेलं निघेल अशी तुला भीती आहे का? आता पाहायचं राहिलंय ते काय? मुलगीच तेवढी."

वडिलांनी तांब्या बहिणीच्या हातातून घेतला, रस्त्याकडेला गेले, आणि तो पूर्ण रिकामा होईपर्यंत उपडा धरून उभे राहिले. परत येऊन मोटारीत बसले. पण पुढे नाही, मागे.

उरलेल्या पेट्रोलावर मोटार चढ चढली आणि गावाच्या वेशीपर्यंत गेली. तिथे ती पुन्हा थांबली, आणि या वेळी खरोखर रिकामी होती. मुलगा उतरला, बाही वर केली आणि मागून ढकलू लागला. मी त्याच्या शेजारी. थोड्या वेळाने आमच्या दोघांमध्ये खादीची तिसरी बाही आली. आत्या मात्र आतच बसून राहिल्या. मोटारीत बसून कडावला जायचं ठरलं होतं, म्हणाल्या.

बहीण दारात उभी होती. पाहुणे तिला पाहायला येण्याऐवजी तिनेच त्यांना पाहिलं: धुळीने माखलेला मास्तर, घामेजलेला सासरा, आणि त्यांच्यामागे लाल तोंडाने तिचा भाऊ. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. "बोललास," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मी मान हलवली. तिने पाण्याचा तांब्या मास्तरापुढे धरला आणि म्हणाली, "पोहे शेजारच्या काकूंनी केलेत. मी पुस्तक वाचत होते."

"सांगितलं त्यांनी," मास्तर म्हणाला. "कोणतं?"

पुढचं सगळं मला नीट आठवत नाही, कारण मला आईपुढे उभं राहायचं होतं. आत्यांनी जाताना आईला 'कळवतो' म्हटलं नाही. वैशाखातली तिथी विचारली. वडील परतीला बैलगाडीने गेले, आणि त्या गाडीतही बसण्यापूर्वी त्यांनी बैलांचा वास घेतला असं ड्रायव्हर सांगत असतो. ते खरं नाही.

लग्न वैशाखात झालं. पत्रावळींचा भारा घेऊन वाडीवरची म्हातारी आली. मांडवात तिने खादी घातलेल्या म्हाताऱ्या माणसाला बसलेलं पाहिलं आणि ती थेट त्याच्याकडे गेली. मी पंगतीत वाढत होतो. हातातली भाताची परात तशीच घेऊन मी धावलो, पण उशीर झाला होता.

"तुमीच का पोराचं बाप?" ती विचारत होती.

"हो, बाई."

"दादा न्यायाला आलता माझ्याकडनं, तुमच्यासाठी. म्हातारं मानूस म्हनला, म्हनून मी झऱ्याचं पानी घातलं. जड नाय ना गेली?"

आसपास मंडळाचे लोक बसले होते. खालापूरचे पाहुणेही होते. वडिलांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती खरोखर काळजीने विचारत होती. डोंगरावरून पत्रावळी डोक्यावर घेऊन आली होती, आणि त्याआधी कुणा अनोळखी म्हाताऱ्याच्या पोटाची काळजी करत घरात बराच वेळ काहीतरी करत बसली होती. मी परात खाली ठेवली आणि खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. पलीकडे मुंडावळ्यांतून बहीण माझ्याकडे पाहत होती. आत्यांनी बुंदीचा अख्खा लाडू माझ्या तोंडात घातला.

"नाही, बाई," वडील हळू म्हणाले. "हलकी होती. चांगली होती."

म्हातारीचं तोंड उजळलं. ती समाधानाने बायकांच्या पंगतीला जाऊन बसली. मंडळाच्या लोकांनी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लाडू मोठा होता. मला काही बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वरात निघायच्या वेळी वडिलांनी मला बाजूला बोलावलं. मोटार दारात उभी होती, मुंबईहून आलेलं चोख पेट्रोल पोटात घेऊन. "मी काल खोटं बोललो," ते म्हणाले.

"हो."

"खोपोलीत कळेल. चार लोक विचारतील." त्यांनी उपरणं नीट केलं. "तुम्हाला मनाच्या टोचणीचा अनुभव आहे म्हणून विचारतो. असं काही केल्यावर झोप लागते का हो?"

"लागत नाही," मी खरं तेच सांगितलं. "पण सवय होते."

त्यांनी मान हलवली, आणि मोटारीत पुढच्या जागेवर, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले.